मिरचीचा सब्जेक्ट

सेलूकर गेले त्या सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर श्रद्धांजली आली. मजकूर तेलुगूत होता, मराठीत सांगायचं तर असा: 'अष्टपैलू प्रतिभेचे धनी, मितभाषी व्यक्तिमत्त्व आणि आमच्या परिवाराचे आधारस्तंभ...' वगैरे वगैरे. खाली हात जोडल्याची चित्रं. मी 'मितभाषी'पाशी अडकले आणि तसल्या सकाळीही मला फिस्सकन हसू आलं. अहो, सेलूकर आणि मितभाषी! लिफ्टमध्ये अनोळखी माणूस भेटला तर तळमजला येईपर्यंत त्याला मुलीच्या पाठवणीचा सीन ऐकवून रडवणारा माणूस तो.

हे मशीननं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या त्या एआयनं, लिहिलंय हे शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. आमचा क्रिएटिव्ह हेड आहे प्रणव, त्यानं मशीनला नाव आणि वय सांगितलं असणार, वर 'जरा भावुक कर' म्हणाला असणार. ज्या माणसाबरोबर एका टेबलावर बसून वर्षानुवर्षं उपमा खाल्ला, त्याच्याबद्दल या बाबाला स्वतःचं एक वाक्य सुचू नये? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आपणच लिहू. माझं मराठी हैदराबादचं आहे, त्यात 'हो'चं हौ आणि 'नको'चं नक्को होणार. ज्यांना खटकेल त्यांनी मशीनकडून दुसरं लिहून घ्यावं.

आमचं ऑफिस कृष्णानगरच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली इस्त्रीवाला, वर आम्ही. तेलुगू मालिका बनवतो, मधूनच एखादा सिनेमा. मालक शेखर गारू. गारू म्हणजे आपलं 'राव' किंवा 'साहेब'. मी तिथं मालिकांचं मराठी डबिंग लिहिते, आणि सेलूकर होते तोवर त्यांचं टायपिंगही करायची. कारण कथालेखक असूनही सेलूकर लिहीत नसत. तेलुगू असं फाडफाड बोलायचे की विजयवाड्याच्या माणसानं गप्प बसावं, पण लिहायचं म्हटलं की त्यांना चष्मा सापडायचा नाही. खिशाला मात्र चार पेनं, आणि एकातही शाई नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लेखक वाटायला नक्को का माय?"

मला ते माय म्हणायचे. शेखर गारूंना सर, इस्त्रीवाल्याला उस्ताद, आणि प्रणवला त्याच्या पाठीमागे बाम्मर्दी. बाम्मर्दी म्हणजे तेलुगूत मेहुणा. प्रणव शेखर गारूंच्या बायकोचा भाऊ. त्यानं परदेशात जाऊन कसलासा कोर्स केला होता म्हणे, पण सेलूकरांच्या मते त्याची खरी पदवी बहिणीच्या लग्नातच मिळालेली होती.

आमच्या धंद्यात कथा कुणी वाचत नाही. निर्माता वाचत नाही, आणि हिरो तर मुळीच नाही. कथा ऐकवायची असते. कथेला म्हणायचं सब्जेक्ट, आणि ती ऐकायला जमायचं त्याला म्हणायचं सिटिंग. सेलूकरांचं सगळं राज्य या सिटिंगमध्ये. आधी चपला काढायच्या, देवळात शिरल्यासारख्या. मग पंखा बंद. मग सगळ्यांचे फोन टेबलावर पालथे, म्हणजे कुणाचा डोळा तिकडे जायला नको. मग उपमा. उपमा आल्याशिवाय ते तोंड उघडायचे नाहीत. "उपाशी माणसाला क्लायमॅक्स सांगू नये, त्याचं मन पोटात असतं," हे त्यांचं नाट्यशास्त्र. उपमा आला की सुटले. नायिका तेच, खलनायक तेच, कोर्टातला शिपाई तेच, पाऊस आणि रिक्षाचा हॉर्नसुद्धा तेच. रडायची जागा आली की डावा डोळा ओला व्हायचा, कारण शेखर गारू नेहमी डावीकडे बसायचे. मला शंका आली म्हणून एकदा मी मुद्दाम शेखर गारूंची खुर्ची उजवीकडे मांडली. त्या दिवशी उजवा डोळा ओला!

आता सब्जेक्ट कसले म्हणाल तर, अरे देवा! सेलूकरांच्या प्रत्येक कथेत आई जिन्यावरून पडते. दुमजली घर नसलं तर विहिरीच्या पायऱ्या शोधून काढतात. प्रत्येक लग्न अक्षता पडायच्या आधी थांबतं, आणि थांबवणारा माणूस हटकून सिकंदराबाद स्टेशनवर उतरलेला असतो. सेलूकर स्वतः काचीगुड्याला राहायचे, घरापासून स्टेशन हाकेवर. मी म्हटलं, "एखादा माणूस काचीगुड्याला का उतरवत नाही तुम्ही?" तर म्हणाले, "काचीगुड्याला उतरून कुणी लग्न मोडत नसतं माय. तिथं उतरलेला माणूस भाजी घेऊन घरी जातो."

एकदा आमच्या मालिकेतल्या सासूबाईंनी, म्हणजे ते काम करणाऱ्या बाईंनी, मुलीच्या बाळंतपणासाठी रजा मागितली. सेलूकरांनी त्यांना जिन्यावरून पाडलं आणि कोमात घातलं. बाई नव्हत्या तेवढे दिवस चादरीखाली उशा ठेवून काम भागवलं. बाई परत आल्या तर काय, कोमातली सासू लोकांना इतकी आवडलेली की शेखर गारू तिला उठवायला तयार होईनात. बाई रोज मेकअप करून यायच्या आणि चादरीखाली फोन बघत पडून राहायच्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, "सेलूकर गारू, निदान बोट तरी हलवू द्या मला." सेलूकरांना दया आली. शुक्रवारच्या भागात त्यांनी बाईंचं बोट हलवलं. सोमवारी डॉक्टर येऊन म्हणाले, भास झाला.

कुणी काहीही सुचवो, सेलूकरांचं उत्तर एकच: हौ. शेखर गारूंना कथेत नागीण हवी, हौ. शेखर गारूंच्या बायकोला नागीण नक्को, हौ. नागीण गेली आणि तिच्या जागी जुळ्या बहिणी आल्या तरी हौ. एकाच दुपारी एकच सब्जेक्ट त्यांनी दोन निर्मात्यांना ऐकवलेला मला माहीत आहे, एकाला देवळासकट आणि दुसऱ्याला ट्रॅक्टरसकट. मला राग यायचा. इतकी चांगली जीभ असलेला माणूस, आणि ती जीभ फक्त होकार द्यायला वापरायची म्हणजे काय! मी तोंडावर म्हणायची तसं. ते म्हणायचे, "माय, ह्या मालिका काय माझ्या हैत का? त्यांच्या हैत. त्यांच्या घराला त्यांना पाहिजे तो रंग."

पण एक सब्जेक्ट त्यांचा स्वतःचा होता. त्याला ऑफिसात सगळे मिरचीचा सब्जेक्ट म्हणायचे. तो त्यांनी मला कधी टाइप करू दिला नाही, आणि फोनवर कधी कुणाला सांगितला नाही.

बेगम बाजारात मिरचीचा घाऊक व्यापार करणारे दोन भाऊ. धाकट्याला तिखट अजिबात सोसत नाही. लहानपणी जेवायला बसले की थोरला त्याच्या ताटातल्या मिरच्या निवडून आपल्या ताटात घेतो. मोठेपणी दोघांचं बिनसतं, दुकानात मधोमध भिंत येते, बोलणं बंद होतं. वर्षं जातात. मग नात्यातल्या एका लग्नात वाढपी चुकून दोघांना शेजारी शेजारी बसवतो. दोघंही समोर बघतात. पानं वाढली जातात. आणि थोरला काही न बोलता हात पुढं करतो, धाकट्याच्या पानातली मिरची उचलतो आणि आपल्या पानात ठेवतो. संपला सिनेमा.

ऐकवताना सेलूकर ही जागा बोलायचेच नाहीत. तोवर घोड्यासारखी धावणारी त्यांची जीभ एकदम थांबायची. ते पुढं वाकायचे, समोरच्याच्या ताटलीतल्या उपम्यातली मिरची दोन बोटांनी उचलायचे आणि आपल्या ताटलीत ठेवायचे. मग नुसते बसून राहायचे. डोळे दोन्ही कोरडे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रडले, सरळ सांगते. मिरची माझ्या ताटलीतली होती.

हा सब्जेक्ट त्यांनी तीस वर्षांत किती हिरोंना ऐकवला असेल. एक म्हणाला, धाकट्याला पोलीस करा. सेलूकर म्हणाले, नक्को. दुसरा म्हणाला, मिरचीऐवजी भावाच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून घेतलं तर? नक्को. तिसरा म्हणाला, दोन्ही भाऊ मीच करतो. नक्को. जन्मभर हौ म्हणणाऱ्या माणसानं आपले सगळे नक्को या एका कथेसाठी साठवून ठेवले होते.

त्याचं कारण मला त्यांच्या घरी कळलं, काकूंकडून. सेलूकरांच्या बायकोला मी काकू म्हणायची. बेगम बाजारातलं ते दुकान यांचंच. थोरले सेलूकर, धाकटा दत्ता. वडील गेले आणि सेलूकर दुकान दत्ताच्या गळ्यात टाकून सिनेमात पळाले. दत्ताला मिरचीचा वासही सोसायचा नाही. नाकाला रुमाल बांधून, शिंकत शिंकत त्यानं आयुष्यभर पोती उतरवली. एक दिवस तो यांना म्हणाला, "तू गोष्टी सांगत फिर. मी शिंकतो." त्यानंतर तो बोलला नाही. दत्ता राहायचा दिलसुखनगरला. काचीगुड्याहून दिलसुखनगर असं कितीसं लांब हो? पण नात्यातल्या लग्नात एक भाऊ पहिल्या पंगतीला बसला की दुसरा शेवटच्या.

"जाऊन माफी मागा की," मी म्हटलं.

"काय बोलू माय?" सेलूकर म्हणाले. "मी तोंड उघडलं की ते सब्जेक्टच वाटतंय. दत्ता मला लहानपणापासून ओळखतो. मी रडलो तर तो आधी बघेल, कोणता डोळा रडून राह्यला." मग म्हणाले, "तेलुगू सिनेमा तो सोडत नाही. बाबूचा असला तर पहिल्या दिवशी. एकदा पडद्यावर ती मिरची उचललेली दिसू दे. त्याला कळेल. बोलायची गरजच नाही." बाबू म्हणजे आमच्याकडचा मोठा हिरो. तेलुगूत मोठ्या हिरोला नावानं हाक मारत नाहीत, बाबूच म्हणतात.

अशातच एक दिवस ऑफिसात ते मशीन आलं. प्रणवनं लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला आणि सगळ्यांना बोलावलं. म्हणाला, "ह्याला काहीही विचारा, सीन लिहून देतं, तेलुगू, मराठी, काय पाहिजे ते." सेलूकर चपला काढून समोर बसले आणि म्हणाले, "विचार, नायिकेला मुंगूस केली तर?" मशीननं लिहिलं, 'अत्यंत कल्पक सूचना!' आणि त्या मुंगसाचं दुःखी बालपणही लिहून दिलं. शेखर गारू दचकून म्हणाले, "नको नको, मुंगूस नको." मशीननं लिहिलं, 'अत्यंत समंजस निर्णय!' सेलूकर खुर्चीत मागं टेकले.

"हा तर माझ्याहून पक्का निघाला," ते म्हणाले. "मला निदान उपमा तरी लागतो."

त्यांनीच त्याचं नाव ठेवलं, हौजी. आमच्या हैदराबादी बोलीत हौजी म्हणजे 'होय साहेब'. पुढं शेखर गारूही हौजीच म्हणायला लागले. मालिका हौजीकडे गेल्या. सेलूकरांचे जुने सगळे भाग प्रणवनं त्याला वाचायला घातले होते, त्यामुळे प्रेक्षकांना काडीचा फरक कळला नाही. आई जिन्यावरून पडत होती, लग्न मोडणारा सिकंदराबादलाच उतरत होता. मी चिडून सांगितलं तर सेलूकर म्हणाले, "शिष्य चांगलाय गं. चुकासुद्धा गाळल्या नाहीत त्यानं." हसले ते, पण त्या दिवसापासून ऑफिसात त्यांना कुणी उपमा विचारेना, हे मला दिसत होतं.

मग बाबूंचे दोन मारामारीचे सिनेमे ओळीनं आपटले आणि त्यांना कुटुंबाचा सब्जेक्ट हवा झाला. शेखर गारूंना मिरची आठवली. सेलूकरांना फोन गेला. माणूस दुसऱ्या दिवशी नवी चप्पल घालून हजर! चप्पल काढली, पंखा बंद केला, फोन पालथे घालायला लावले, उपमा मागवला. मी कोपऱ्यात बसले होते. काय सांगू, त्या दिवशी सेलूकर असे बोलले की मला बेगम बाजारातला खकाणा नाकात गेल्यासारखा वाटला. शेवटी ते थांबले, वाकले, शेखर गारूंच्या ताटलीतली मिरची उचलून आपल्या ताटलीत ठेवली आणि गप्प बसले. शेखर गारू रुमालात तोंड घालून रडले. प्रणवसुद्धा नाक ओढत होता.

पालथ्या फोनांमधला एक चालू होता. प्रणवचा. पालथा घातल्यामुळेच तो आवाज टिपत होता हे कुणाला दिसलं नाही. सेलूकरांचाच नियम, सेलूकरांनाच नडला.

दुसऱ्या दिवशी टेबलावर अख्खी पटकथा तयार. पहिल्या पानावर 'कथा: सेलूकर', खाली 'पटकथा: प्रणव'. हौजीचं नाव कुठंच नाही. सेलूकर रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी पानांवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "शेवट वाच." मी वाचला. पंगत बसते. थोरला भाऊ उठून उभा राहतो आणि बोलायला लागतो. 'तम्मुडू,' म्हणजे धाकट्या भावा, 'ही भिंत विटांची आहे, पण वीट मातीची आहे, ती माती आईच्या अंगणातली आहे, आणि त्या अंगणात अजून आपली दोन लहान पावलं उमटलेली आहेत...' अशी तीन पानं.

"मिरची कुठंय?" सेलूकरांनी विचारलं.

"कसली मिरची?" प्रणव म्हणाला. "सर, ऑडिओत त्या जागी काहीच नाही. मोठी गॅप आहे. तुम्ही काही बोललाच नाहीत. हौजीनं गॅप भरून काढली."

"अरे, तू समोर बसला होतास ना! रडला होतास तू!"

"हौ, ह्या डायलॉगलाच तर रडलो." आणि हा खोटं बोलत नव्हता हो, हीच तर गंमत. त्याला खरंच तसं आठवत होतं. शेखर गारूंनी चष्मा लावून तीन पानं वाचली, पुन्हा डोळे पुसले आणि म्हणाले, "सेलूकर गारू, काल अगदी हेच बोललात तुम्ही. शब्द न् शब्द." ज्यांच्या ताटलीतून मिरची गेली त्यांनाच ती आठवेना!

सेलूकर तडक हौजीसमोर जाऊन बसले आणि मला म्हणाले, "लिही, इथं कुणी बोलत नाही. नुसती मिरची उचलतो." मी लिहिलं. हौजीनं उत्तर दिलं, 'अत्यंत संवेदनशील सूचना! मौनातच खरी ताकद आहे,' आणि चार ओळींचा सुरेख सीन लिहून दिला. सुरेख होता, उगंच कशाला खोटं बोलू. सेलूकरांचा चेहरा उजळला. तेवढ्यात प्रणवनं मागून हात घालून टाइप केलं, 'सीन छोटा आहे, भाषण परत आण.' हौजी म्हणाला, 'अत्यंत योग्य निरीक्षण!' आणि तीन पानं परत. शेवटचं कोण टाइप करतो, त्याचं तो ऐकायचा. आणि लॅपटॉप बाम्मर्दीचा होता.

तरी एक आशा होती. बाबू वाचत नाहीत. त्यांना ऐकवावंच लागणार, आणि तसं ऐकवणारा सगळ्या हैदराबादेत एकच. जाताना गाडीत सेलूकर माझ्या कानात म्हणाले, "कागदावर काही का असेना माय. बाबूच्या ताटातली मिरची उचलली की झालं."

बाबूंचा बंगला जुबिली हिल्सवर. चपला काढल्या. पंखा नव्हताच, एसी. सेलूकरांनी उपमा विचारला तर कळलं, बाबू डाएटवर आहेत, घरात रवा येत नाही. बाबूंच्या समोरच्या बशीत उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग. सेलूकर कावरेबावरे झाले. "एखादी मिरची मिळेल का, बाबू?" बाबू म्हणाले, "का नाही?" आणि स्वयंपाकी ढोबळ्या मिरचीचे लांब लांब काप घेऊन आला, बिनमिठाचे.

सेलूकरांनी सुरुवात केली. आवाज तोच, पण नजर सारखी त्या कापांवर. शेवट आला. ते थांबले, वाकले आणि बाबूंच्या बशीतला ढोबळ्या मिरचीचा एक काप दोन बोटांनी उचलला. बाबूंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे बघितलं, आणि कळवळून अख्खी बशीच पुढं केली. "तिनंडी गारू, तिनंडी!" तिनंडी म्हणजे खा, खा. "किती वेळचे उपाशी आहात तुम्ही! कुणीतरी ह्यांना ज्यूस आणा रे."

सेलूकर तो काप हातात धरून तसेच. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. प्रणवनं संधी सोडली नाही. फोन काढला, उभा राहिला आणि वाचायला लागला, 'तम्मुडू, ही भिंत विटांची आहे...' पावलांपर्यंत येईतो बाबूंचे डोळे भरले. तीन पानं संपली तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. "इथं थिएटर उठून टाळ्या वाजवणार. हा सिनेमा मी करतो."

शेखर गारूंनी सेलूकरांकडे बघितलं. "ओके ना, सेलूकर गारू?"

मी वाट बघत होते. तीस वर्षांचा तो नक्को आता येणार, इथंच येणार. सेलूकरांनी तो काप हळूच बशीत परत ठेवला आणि म्हणाले, "हौ."

परतताना गाडीत मी त्यांच्यावर अक्षरशः खेकसले. "कामून म्हणालात हौ? इतक्या हिरोंना हाकललंत, आणि त्या ढोबळ्या मिरचीपुढं हार मानलीत?"

"ओरडू नक्को माय," ते म्हणाले. "मी सत्तरी ओलांडली. दत्ताला आता जिना चढवत नाही म्हणे. पुढच्या बाबूची वाट बघू तर दोघांपैकी एक जण थिएटरात नसेल." मग बाहेर बघत म्हणाले, "त्याला कळणार नाही, मला माहीत हाय. पण दुकान दिसेल. दोन भाऊ दिसतील. तेवढं तर तेवढं." डोळे दोन्ही ओले होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना निर्माता नव्हता.

सिनेमा आला. पंगतीच्या सीनमध्ये पानावर एक मिरची ठेवलेली होती. बाबू भाषण करायला उठले तेव्हा त्यांच्या धोतराचा सोगा लागून ती पानाखाली गेली, ते पडद्यावर दिसतंही. भाषण मात्र गाजलं. रस्त्यारस्त्यावर पोरं 'तम्मुडू' करत व्हिडिओ काढायला लागली. इस्त्रीवाला उस्ताद सेलूकरांना बघितलं की इस्त्री ठेवून सलाम करायचा आणि म्हणायचा, "क्या लिखे साब, ईट और मिट्टी!" सेलूकर खिशातली पेनं सारखी करत पुढं निघून जायचे.

त्या सिनेमाचं मराठी डबिंग माझ्याकडे आलं. ती तीन पानं मलाच मराठीत करायची होती आणि माझा हात चालेना. म्हणून एका रविवारी सकाळी मी काचीगुड्याला त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "तुम्ही म्हणाल तर मराठीत तरी त्याला गप्प बसवते. ओठ हलतील, हलू देत." सेलूकर हसले. काकू आत सुशीला करत होत्या. सुशीला म्हणजे आमच्याकडचा फोडणीचा चुरमुऱ्यांचा प्रकार, हिरव्या मिरच्या घालून. घरभर मिरचीचा खाट उठला होता.

बेल वाजली. मी दार उघडलं. दारात एक बारीकसे म्हातारे गृहस्थ, एका हाताने कठडा धरलेला, दम लागलेला, मागे मुलगा. आत पाऊल टाकलं आणि त्यांना शिंक आली. आतून काकूंच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"दादा," दत्ताकाका दारातूनच म्हणाले, "काय लिहिलंस रे!"

सेलूकर उभे राहिले होते. मी बघत होते, की आता हे सांगणार, दत्ता, ते माझं नाही, ते मशीनचं आहे, माझं त्यातून गाळलं. तोंड उघडलंही त्यांनी. पण दत्ताकाका थांबतात कुठले! "मी थिएटरातच उभा राहिलो. पोरगा म्हणाला, बसा बाबा. म्हटलं, गप, माझा दादा बोलून राह्यलाय माझ्याशी. आईचं अंगण, रे! तुला इतकं आठवत होतं, तर एवढी वर्षं बोलला का नाहीस?"

बेगम बाजारातल्या दुकानामागे त्यांचं घर, तिथं अंगण कधी नव्हतंच. काकूंनी मला मागं सांगितलं होतं. सेलूकरांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि भावाला हात धरून आत आणून बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मितभाषी! मला हसावं की रडावं कळेना, आणि हौजीचा जो काय राग आला ना, तोही धड करता येईना. त्या फुसक्या तीन पानांनी दिलसुखनगरचा माणूस जिना चढवून काचीगुड्याला आणला होता.

काकूंनी डोळे पुसत चार ताटल्या आणून ठेवल्या. सुशीला गरम होती, वर उभ्या चिरलेल्या मिरच्या. दत्ताकाकांचं लक्षच नव्हतं. ते भाषण म्हणायला लागले होते, पाठ होतं त्यांना, हातवारेसुद्धा बाबूंसारखे. "तम्मुडू, ही भिंत विटांची आहे, पण वीट मातीची आहे..." मध्येच शिंकत होते आणि पुन्हा तिथूनच धरत होते. सेलूकर त्यांच्या शेजारी बसले. हात पुढं केला, दत्ताकाकांच्या ताटलीतली एक मिरची उचलली आणि आपल्या ताटलीत ठेवली. मग दुसरी.

दत्ताकाकांनी भाषण थांबवलं नाही, खाली बघितलंही नाही. फक्त बोलता बोलता आपली ताटली दादाच्या बाजूला जराशी सरकवली.